फ्रॉस्ट जायच्या आधीच लावायची फुलं: पॅन्सी, स्वीट पी, डॉग फ्लॉवर वगैरे

अंगणवेल | १५ फेब्रुवारी

न्यू जर्सीत येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं मी एकच चूक न चुकता केली. शेजारची आजी, ऑफिसातले, सगळ्यांचा एकच सल्ला: मदर्स डे होईपर्यंत बाहेर काही लावू नकोस. म्हणजे मेचा दुसरा रविवार. मी आज्ञाधारक. तो रविवार उलटला की झेंडू, झिनिया, टोमॅटो, मिरच्या सगळं एका दमात जमिनीत, आणि त्याच रांगेत स्वीट पी, डॉग फ्लॉवर (इथलं स्नॅपड्रॅगन), लार्कस्पर, कॅलेंडुला. झेंडू वेड्यासारखा फुलायचा. स्वीट पी हातभर वाढायची, चार फुलं दाखवायची आणि जूनअखेरीस पिवळी पडून बसायची. बियाणं बदललं, खत बदललं, जागा बदलली. तारीख बदलायचं काही सुचलं नाही.

मग एकदा व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना वाफा दाखवत रडगाणं गात होते. ते कोथरूडचे, वय ७८, गच्चीवर पन्नासेक कुंड्या. म्हणाले, "अगं, ही फुलं आपण दसरा-दिवाळीला लावतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात बघितलीस की सगळी. पुण्यात कोणी एप्रिलमध्ये पॅन्सी लावेल का?"

तेव्हा ट्यूब पेटली. ज्या हवेत ही फुलं पुण्यात मजेत असतात, ती हवा जर्सीत एप्रिल-मेमध्ये असते. मी त्यांना लावत होते ती नेमकी त्यांचा हंगाम संपताना. या फुलांना थंडी मारत नाही, उकाडा मारतो. शेवटच्या फ्रॉस्टची (दव गोठून गवत पांढरं होतं, त्या रात्रीची) तारीख झेंडूसाठी 'याच्या आधी नको' असते. पॅन्सी-स्वीट पीसाठी ती तारीख घ्यायची आणि तिथून मागे मोजायचं.

माझ्या पिनकोडला शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख २५ एप्रिल दाखवतात. काटक फुलांची रोपं त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी बाहेर जातात, म्हणजे २८ फेब्रुवारी ते १४ मार्च. रोपं तेवढी मोठी व्हायला घरात आठेक आठवडे हवेत. म्हणून डॉग फ्लॉवरचं बी संक्रांतीला. बी धुळीसारखं बारीक असतं, त्यावर माती टाकायची नाही, नुसतं ओल्या मातीवर दाबायचं, त्याला उजेड लागतो. यंदा तिळगूळ वळता वळता तेच केलं. आता ट्रेमध्ये बोटभर रोपं आहेत.

तुमच्या गावच्या तारखा काय? कोण काय लावतंय? लिहा.

पावशेर | १५ फेब्रुवारी

पहिला नंबर. वाचतोय. बायकोला दाखवलं, ती म्हणते तू आधी मागच्या वर्षीच्या कुंड्या रिकाम्या कर.

लिंबोणी | १५ फेब्रुवारी

डॅलसहून. ताई, आमच्याकडे तर सगळं तुमच्या सासऱ्यांच्या पंचांगाप्रमाणे चालतं. पहिला फ्रॉस्ट नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, शेवटचा मार्चच्या मध्याला. पॅन्सी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावायच्या, त्या हिवाळाभर फुलतात आणि मे उजाडला की लोळण घेतात. नवीन आलेल्या मराठी लोकांना इथे कोणी 'वसंतात फुलं लाव' म्हणालं की वाईट वाटतं.

२०२१ च्या फेब्रुवारीतलं वादळ आठवतंय ना? १६ तारखेला विमानतळावर उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सियस. घरात वीज नाही, आम्ही शेगडीशेजारी झोपलेलो. मी बागेवर पाणी सोडलं होतं (मनाने). आठवड्याने बर्फ वितळलं तर जमिनीतल्या पॅन्सी खालून हिरव्या! वर बर्फाची गोधडी होती म्हणून वाचल्या. पोर्चवर कुंड्यांत ज्या उघड्या होत्या त्या सगळ्या गेल्या.

शिकागोतला_सांगलीकर | १६ फेब्रुवारी

अंगणवेल, लेख आवडला पण २८ फेब्रुवारी वाचून हसू आलं. माझ्या अंगणात आज दीड फूट बर्फ आहे. खाली जमीन दगड. खुरपं नाही, सुतकी लागेल. सहा-आठ आठवड्यांचा हा हिशोब कोणी मऊ गावात बसून केलेला दिसतो.

निफाडकर | १६ फेब्रुवारी

सांगलीकरांचं खरं आहे आणि ताईंचंही खरं आहे. आठवड्यांचा हिशोब हा हवेचा. जमिनीचा हिशोब वेगळा.

मी ओहायोत असतो, वडील निफाडला द्राक्ष करतात. दर मार्चमध्ये त्यांचा एकच प्रश्न: "वाफसा आला का?" (म्हणजे पाणी ओसरून माती कामाजोगी मोकळी झाली का.) मी आधी हसायचो, अमेरिकेत कसला वाफसा. पण तोच प्रश्न बरोबर आहे. बर्फ वितळल्यावर इथली चिकणमाती पंधरा दिवस नुसता लगदा असते. त्यात पाय टाकला, खुरपं चालवलं की ढेकळं होतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबायची. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर लावा. लाडवासारखा घट्ट राहिला तर घरी जाऊन चहा प्या. थंडीने जेवढी रोपं मरत नाहीत तेवढी त्या गारढोण चिखलात मुळं कुजून मरतात. माझे वाफे आता वीत-दीड वीत उंच आहेत, त्यामुळे वाफसा शेजाऱ्यापेक्षा आठवडा-दहा दिवस आधी येतो.

अंगणवेल | १६ फेब्रुवारी

@निफाडकर, वाफसा! किती वर्षांनी वाचला हा शब्द. मान्य. माझा वाफा घराच्या दक्षिण भिंतीला आहे, जमीन लवकर मोकळी होते, हे लिहायला हवं होतं.

@सांगलीकर, तुम्ही मग काय करता?

शिकागोतला_सांगलीकर | १६ फेब्रुवारी

दुधाचे रिकामे गॅलन (प्लास्टिकचे कॅन). वर्षभर बायको साठवते, मी शिव्या खातो. मधोमध आडवे कापायचे, एका बाजूला बिजागरीसारखी पट्टी ठेवायची. तळाला भोकं. चार बोटं माती, वर बी, ओलं करायचं, चिकटपट्टीने बंद करायचं आणि झाकण उघडं ठेवून थेट बाहेर बर्फात. जानेवारी-फेब्रुवारीत ठेवायचे आणि विसरून जायचं. बर्फ आत पडतं, वितळतं, परत गोठतं, बियांना हवी ती थंडी आपोआप मिळते. एप्रिलमध्ये आपलं आपण उगवतं आणि ती रोपं पहिल्या दिवसापासून काटक असतात. तळघरात दिव्याखाली वाढवलेल्या लाडोबांसारखी नाहीत.

लार्कस्परला तर हेच लागतं. जमीन १३ सेल्सियसच्या वर गेली की ते बी उगवायला तयार नसतं. मे महिन्यात पेरून पाकीटवाल्याला नावं ठेवणारे खूप बघितलेत. (मी त्यातलाच.) त्या बीवर मात्र पाव इंच माती टाका, त्याला अंधार हवा. पॉपीचं उलटं, ती नुसती वर भुरभुरायची.

टिकली | १७ फेब्रुवारी

नमस्कार, मी नवीन. मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशात आमचा झोन ७अ आहे. मग झोन बघून तारीख कळत नाही का?

पावशेर | १७ फेब्रुवारी

नाही, आणि प्रश्न मूर्ख नाही, मी तीन वर्षं हेच समजत होतो. झोन सांगतो तुमच्याकडे वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी किती थंड असते. ती रात्र कधी येते, थंडी कधी जाते, उन्हाळा किती तापतो, यातलं काहीही तो सांगत नाही. मी सिअ‍ॅटलमध्ये, लिंबोणी डॅलसमध्ये. २०२३ च्या नव्या नकाशात आमचे झोन जवळपास सारखेच आहेत. तिच्या पॅन्सी मेमध्ये मरतात, माझ्या सावलीतल्या पॅन्सी जुलैतही फुलतात. झोन गुलाब, हायड्रेंजिया असल्या बारमाही झाडांसाठी बघायचा. हंगामी फुलांना तारखा.

आणि त्या तारखेचंही एक गुपित. 'शेवटचा फ्रॉस्ट २५ एप्रिल' म्हणजे त्यानंतर फ्रॉस्ट येत नाही असं नाही. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदी घेऊन काढलेली ती पन्नास टक्क्यांची तारीख असते. छापा-काटा. निम्म्या वर्षांत त्यानंतरही पडतो. नोआच्या (अमेरिकेची सरकारी हवामान संस्था) तक्त्यांत दहा टक्क्यांची तारीखही मिळते, ती बहुतेक ठिकाणी साधारण दोन आठवडे पुढची असते. टोमॅटो-झेंडू त्या तारखेला लावा. काटक फुलांना पन्नास टक्क्यांचीच घ्या आणि मागे मोजा. शिवाय त्या तक्त्यात ३२ फॅ. आणि २८ फॅ. असे वेगळे रकाने असतात. ३२ ला झेंडू काळा पडतो. २८ ला, म्हणजे उणे दोन सेल्सियसला, काटक केलेल्या पॅन्सीला ढिम्म फरक पडत नाही.

टिकली | १७ फेब्रुवारी

छापा-काटा कळलं. २०२० ला मदर्स डेच्या आदल्या दिवशी, ९ मेला, इथे बर्फ भुरभुरलं होतं! न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातसुद्धा. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी नवीनच बागा केल्या होत्या, आमच्या गल्लीत घरोघरी चादरी टाकलेल्या. मी तेव्हा फक्त बघणारी होते.

निफाडकर | १७ फेब्रुवारी

आणि २०२३ च्या १८ मेची पहाट. न्यूयॉर्क राज्यात फिंगर लेक्सच्या द्राक्षबागांचे कोवळे फुटवे करपले. तिकडच्या मित्राने फोटो पाठवले, मी वडिलांना दाखवले. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "शेकोट्या नव्हत्या का पेटवल्या?" आमच्याकडे निफाडचा पारा चार-पाचवर आला की रात्रभर बागेत शेकोट्या, धूर, पहाटे पाणी. फ्रॉस्टची भाषा मला इथे कोणी शिकवावी लागली नाही.

फोनवरचं तापमान बघून फसू नका. ते जमिनीपासून पाचेक फुटांवरचं असतं. आकाश निरभ्र, वारा पडलेला असेल तर जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. फोन ३६ फॅ. (दोन अंश) दाखवतो आणि गवत पांढरं झालेलं असतं. ढग असतील तर तेच ३६ बिनधास्त. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागेत साचते. माझ्या परसात कुंपणापाशी दोन फूट उतार आहे, तिथे घरापाशी असतो त्यापेक्षा आठवडाभर उशिरापर्यंत फ्रॉस्ट पडतो. म्हणून तारीख गावाची असते, वाफ्याची नसते. एक वही करा आणि पांढरं गवत शेवटचं कधी दिसलं ते लिहून ठेवा. तीन वर्षांत तुमचा तक्ता तयार.

त्या संध्याकाळी मातीला पाणी द्या (पानांना नको), ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. वर पांढरं हलकं फ्रॉस्ट कापड किंवा जुनी चादर. प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नका, चिकटेल तिथे पान भाजतं. सकाळी काढायला विसरू नका.

मंदाकिनी_म | १८ फेब्रुवारी

सोलापुरी चादर चालेल का? माझ्याकडे सासूबाईंनी दिलेल्या सहा आहेत, एकही कोणी पांघरत नाही.

निफाडकर | १८ फेब्रुवारी

चालेल, पण भिजली की जड होते आणि रोपं झोपतात. खाली चार काठ्या, नाहीतर कुंड्या उपड्या ठेवा.

श्टुटगार्टची_सून | १८ फेब्रुवारी

जर्मनीतून. आमच्याकडे मदर्स डेऐवजी 'आइसहायलिगं' असतात. बर्फाचे संत! ११ ते १५ मे, मामेर्टुस, पांक्राटिउस, सर्वाटिउस, बोनिफाटिउस आणि शेवटी 'काल्ट सोफी', थंडगार सोफी. सोफी गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढायचा नाही असं माझ्या सासूबाई (जर्मन) आजही सांगतात. मला आपल्या नक्षत्रांची आठवण येते. रोहिणी, मृग, आणि कोणत्या नक्षत्राला काय पेरायचं ते.

पण गंमत म्हणजे १५८२ साली कॅलेंडर दहा दिवसांनी पुढे सरकवलं, संतांचे दिवस आकड्याने तेच राहिले. म्हणजे जुनी सोफी आजच्या हिशोबाने मेच्या शेवटच्या आठवड्यात पडते. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सोफीला कळतं कधी यायचं ते.

काटक फुलांना मात्र सोफीशी देणंघेणं नाही. कॉर्नफ्लॉवर मी मार्चअखेर थेट जमिनीत पेरते.

लिंबोणी | १८ फेब्रुवारी

मग आपण आपलं पंचांग करूया की! संक्रांतीला डॉग फ्लॉवर घरात, महाशिवरात्रीला स्वीट पी भिजत, पाडव्याला सगळं बाहेर :)

पावशेर | १८ फेब्रुवारी

संक्रांत सूर्यावर चालते, ती १४-१५ जानेवारी सोडत नाही. पाडव्याच्या भरवशावर राहू नका. २०२३ ला तो २२ मार्चला होता, २०२४ ला ९ एप्रिलला, मध्ये अधिक महिना. अठरा दिवसांचा फरक. पॅन्सीला अधिक महिना कळत नाही.

नागपुरी_संत्रं | २१ फेब्रुवारी

उशिरा आले. टोरांटोत लोक व्हिक्टोरिया डेपर्यंत थांबतात, २५ मेच्या आधीचा सोमवार. मी स्वीट पी घरात मार्चमध्ये लावून एप्रिलच्या मध्याला बाहेर काढते, माती मोकळी झाली की लगेच. बी रात्रभर भिजवते, मटकीसारखं फुगलेलं तेवढंच घेते, बाकीच्यांना नखाने ओरखडा. खोल कुंडी हवी, मुळं सरळ खाली जातात. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा. जीवावर येतं, पण खुडला नाही तर एकच दांडा ताडमाड होतो.

आणि लहान मुलं असतील तर सांगते. स्वीट पीच्या शेंगा अगदी मटारसारख्या दिसतात पण विषारी असतात. आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीच्या कुळातली आहे ही. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना लाखोळी आणि पायातली ताकद जाण्याचा संबंध सांगायला नको. माझ्या लेकीला मी पहिल्याच वर्षी दोन्ही शेंगा शेजारी ठेवून दाखवल्या.

मंदाकिनी_म | २१ फेब्रुवारी

बाप रे, हे माहीतच नव्हतं. अजून एक: पॉपी म्हणजे खसखसच ना? मग किराणा दुकानातली टाकली तर?

नागपुरी_संत्रं | २१ फेब्रुवारी

टाकू नका! ती अफूची जात. अमेरिकेत ते झाड अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, आणि भारतातही परवान्याशिवाय लावता येत नाही. खसखस अनारशांनाच बरी. शर्ली पॉपी, कॅलिफोर्निया पॉपी घ्या, त्यांना कोणी विचारत नाही. आणि पॉपी, लार्कस्पर, नायजेला यांना उपटून दुसरीकडे लावलेलं खपत नाही. जिथे हवीत तिथेच पेरायची.

अंगणवेल | ९ मार्च

अपडेट. वाफसा आला (निफाडकर, गोळा फुटला!). आज ३२ डॉग फ्लॉवर आणि एक ट्रे पॅन्सी बाहेर. दहा दिवस रोज थोडं थोडं बाहेर ठेवत होते. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग ऊन, मग वारा, शेवटच्या दोन रात्री बाहेरच. ही पायरी चुकवली तर 'काटक' हे नुसतं पाकिटावरचं विशेषण राहतं.

एक तक्रार. पॅन्सी जवळच्या नर्सरीतून आणल्या, ऐन फुलावर, बाहेर मांडलेल्या. विचारलं तर म्हणाले लावा सरळ. घरी आणून बघते तर पानं लुसलुशीत, ग्रीनहाउसमधून सकाळीच काढलेल्या असणार. त्याच नर्सरीत झिनियाही होत्या, मार्चमध्ये! दुकानात आलं म्हणजे लावायची वेळ झाली असं मुळीच नाही.

अंगणवेल | २३ मार्च

काल रात्री २५ फॅ., उणे चार. मी मुद्दाम अर्ध्याच वाफ्यावर चादर टाकली. सकाळी सातला उघड्या बाजूच्या पॅन्सी काचेसारख्या कडक, माना टाकलेल्या. पोटात गोळा. हात लावला नाही (गोठलेलं पान हाताळलं की मोडतं), गरम पाणी वगैरे शहाणपणा केला नाही. साडेदहाला ऊन आलं, साडेअकराला सगळ्या उभ्या. डॉग फ्लॉवरच्या तीन रोपांचे शेंडे करपले, खालून फुटतील. चादरीखालच्यांना आणि उघड्यांना फारसा फरक नाही.

सासऱ्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं: "महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी असंच होतं."

शिकागोतला_सांगलीकर | ११ एप्रिल

गॅलन उघडले. लार्कस्पर दाट, केसांसारखं. नायजेला आली. एका गॅलनवर नाव लिहायला विसरलो, काय आहे देव जाणे.

टिकली | १२ एप्रिल

मी आत्ता धागा परत वाचला. आता स्वीट पी लावली तर उशीर झाला का? मध्य जर्सीच.

अंगणवेल | १२ एप्रिल

बी आत्ता पेरून यंदा फार हाती लागणार नाही, खरं सांगते. तयार रोपं मिळाली तर आजच लाव, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी, बुंध्याशी पालापाचोळा घाल, म्हणजे मुळं गार राहतील. आणि कॅलेंडुला पेर, ती सोशिक आहे. बाकी बियांचं पाकीट फ्रिजमध्ये ठेव.

अंगणवेल | १४ जून

इतक्या वर्षांत पहिल्यांदा डॉग फ्लॉवर कंबरेएवढे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून रोज फुलदाणी भरतेय, शेजारच्या आजीलाही दोनदा दिली. तिने विचारलं कधी लावलेस, मी म्हटलं मार्च. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. काल ९३ फॅ. झालं, पॅन्सी आडव्या पडल्या. उपटून त्या जागी झेंडू लावला.

लिंबोणी | १४ जून

फोटो दिसत नाहीयेत.

निफाडकर | १४ जून

मलाही नाही. पण ताई, उरलेलं बी टाकून देऊ नका. तुमच्याकडे पहिला फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या विशीत येत असेल, तर त्याच्या सहा-आठ आठवडे आधी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉग फ्लॉवर, डायन्थसची रोपं जमिनीत जायला हवीत. लार्कस्पर-पॉपी पेरायला ऑक्टोबरही चालेल, जमीन थंड झालेली बरी. बर्फाखाली बसून राहतात आणि वसंतात पेरलेल्यांच्या आधी फुलतात. जमीन गोठली की वर पेंढा घाला, नाहीतर गोठ-वितळ होऊन रोपं जमिनीतून वर उचलली जातात.

अंगणवेल | १५ जून

म्हणजे घरात ट्रे भरायचे जुलैमध्ये?

निफाडकर | १५ जून

हो. गुरुपौर्णिमेच्या आसपास. (पावशेर येतीलच आता अधिक महिना सांगायला.)

पावशेर | १५ जून

१० जुलै लिहा वहीत आणि विषय संपवा. माझ्या कुंड्या अजून रिकाम्या व्हायच्यात.